सात हातांवरच्या शेजारणी

३ सप्टेंबर

जगात अन्यायाचे पुष्कळ प्रकार आहेत आणि त्यांवर भाषणं देणारेही पुष्कळ आहेत. पण कालचा ओला डायव्हिंग-सूट आज सकाळी सात वाजता पुन्हा अंगात चढवणे, या अन्यायाबद्दल आजवर एकाही विचारवंताने तोंड उघडलेलं नाही, याची मी इथे खेदपूर्वक नोंद करते. हा सूट कोरडा असतानाही अंगात शिरायला दहा मिनिटं घेतो. पायात प्लास्टिकची पिशवी घालायची, पाय आत सारायचा, पिशवी काढून दुसऱ्या पायात घालायची. ओला असला की तो मेलेल्या माशासारखा गार लागतो आणि जिवंत माशासारखा निसटतो. पन्नाशी ओलांडलेल्या बाईने हे एका पायावर उभं राहून करावं, असं ज्याला वाटलं त्याला माझे आशीर्वाद लागोत.

आम्ही राहतो त्या दोन खोल्यांच्या खाली सागरी संशोधन केंद्राची सामानाची खोली आहे. तिथे अकरा खुंट्या. त्यांतल्या फक्त एकीवर, खिडकीजवळच्या, ऊन येतं. त्या खुंटीवरून आमच्या संसारात पाच वर्षांपूर्वी एक करार झाला. बुडी मारून वर आल्यावर ज्याच्या टाकीत हवा कमी उरेल त्याने दोघांचे सूट गोड्या पाण्यात खळबळून काढायचे आणि ज्याच्या टाकीत जास्त उरेल त्याचा सूट उन्हाच्या खुंटीवर.

एप्रिलपर्यंत तो करार माझ्या मुळावर आला होता. नवरा श्वास घेतो की नाही अशी शंका यावी इतका काटकसरी. सूट धुऊन धुऊन माझे हात वाळलेल्या आल्यासारखे झाले होते. पण काल, नव्या हंगामाच्या पहिल्याच बुडीत, उलटा न्याय झाला. दोघांच्या टाकीत दोनशेचा दाब घेऊन उतरलो. वर आलो तेव्हा माझ्याकडे एकशेवीस, त्याच्याकडे पन्नास. पन्नासला वर यायचंच, असा नियम. म्हणजे त्याच्या उधळेपणापायी माझीही बुडी पंचविसाव्या मिनिटाला आटोपली.

"काय रे, वय झालं का?" मी विचारलं.

"सूट घट्ट झालाय बहुतेक," तो म्हणाला आणि बादली उचलून नळाकडे गेला.

इतके प्रेमाने धुतले की ते रात्रभर निथळत राहिले. म्हणून हा अन्याय.

५ सप्टेंबर

आज वामी नीट पाहिल्या.

चौदा मीटर खोलीवर पांढऱ्या वाळूचा एक उतार आहे. दुरून तिथे गवताचं कुरण दिसतं, मंद झुळकेवर डोलणारं. जवळ जावं तसं कळतं की इथे झुळूक नाही आणि ते गवतही नाही. पेन्सिलीएवढ्या जाडीच्या, सापासारख्या लांबट शेकडो वामी अर्धं अंग बिळात आणि अर्धं बाहेर ठेवून, तोंडं एकाच दिशेला करून, प्रवाहातून येईल तो कण टिपत उभ्या असतात. वरून ऊन गाळून येतं, हिरवट, थरथरतं. त्या उन्हाची जाळी वाळूवरून सरकते आणि तिच्याबरोबर सगळं कुरण एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे कलतं. पाहता पाहता आपणही कलू लागतो. आपल्याला वजन आहे, नाव आहे, गुडघेदुखी आहे, हे सगळं वर बोटीत राहिलेलं असतं.

मी त्यांना शेजारणी म्हणते. दारात उभं राहून येणाराजाणारा न्याहाळायचा, आणि कोणी जवळ आलं की 'आम्ही कुठे बघत होतो' म्हणून आत.

त्या किती अंतरावर आत जातात, हेच माझं शास्त्र. मी वाळूला पोट टेकवून इंचाइंचाने पुढे सरकते. समोरची वाम बुडाली की तिथल्या तिथे शिशाचा गोळा ठेवते आणि बिळापर्यंतचं अंतर मोजते. माझ्या मागे नवरा टेपचं टोक धरून गुडघ्यांवर बसलेला असतो. तो खरा वाळूवाला; वाळूच्या कणांवर त्याने उभी हयात घालवली. माझ्या मागे बसल्या बसल्या तो दोन डब्या वाळू भरून घेतो, एवढाच त्याचा स्वार्थ. एकट्याने बुडी मारायला बंदी आहे, म्हणून त्याच्यावाचून माझं काम नाही.

टेप मीटरचा आहे, पण मनात मी हातांनीच मोजते. चार वर्षं शेजारणी मला तीन हातांपर्यंत येऊ देत होत्या. आज सात हातांवरच सगळ्या गुडुप. पांढरी वाळू, जणू कोणी नव्हतंच. तीन वेळा प्रयत्न केला, तीनही वेळा तेच.

शेजारणी रुसल्या. का, ते कळत नाही.

उडी मारण्याआधी नवऱ्याने कप्तानबाईंना त्यांच्या भाषेत विचारलं, "तुम्ही इथेच असणार ना?" कप्तानबाई म्हणजे आमच्या बोटीच्या मालकीण, साठीच्या, खांदे कपाटासारखे, दिवसाला शब्द मोजून वीस. त्या म्हणाल्या, "इथेच." इथल्या भाषेतलं त्याचं हे एकच वाक्य बिनचूक आहे, म्हणून तो ते रोज वापरतो.

६ सप्टेंबर

आज सात हात, सहा हात, सात हात. त्याची हवा सव्विसाव्या मिनिटाला संपली. सूट त्यानेच धुतले.

पहाटे उठून त्याने किटलीच्या आतला क्षार खरवडून काढला. परवा फ्रिज पुसला होता. बुडीच्या दिवशी हा माणूस न्याहारी करत नाही, पण घर लख्ख करतो. संसाराला पंचवीस वर्षांनी शिस्त लागते आहे. माझी तक्रार नाही.

९ सप्टेंबर, रविवार

सासूबाईंचा फोन. दर रविवारी येतो आणि सुरुवात एकाच वाक्याने होते: "पाण्यात फार जाऊ नका गं." समुद्री संशोधकांना हा सल्ला म्हणजे शिंप्याला 'सुईला हात लावू नकोस' म्हणण्यासारखा. पण मी आता वाद घालत नाही.

नवरा त्यांना सांगत होता, "नाही गं आई, हल्ली बहुतेक काम टेबलावरच असतं. खाली जातो कधीमधी." धडधडीत खोटं. बुड्या रोज चालल्या आहेत. मी डोळे मोठे केले तर त्याने पाठ फिरवली. आईची काळजी कमी करायला खोटं बोलणं पुण्यातच जमा होतं, म्हणून मी गप्प.

मग फोन माझ्याकडे आला. "त्याचा आवाज असा का येतोय गं? बारीक?"

"रेंज नसते आई इथे."

"रेंज तुझ्या आवाजाला बरी असते," त्या म्हणाल्या.

ऐंशीव्या वर्षी ही जीभ. माझ्या जिभेला लोक नावं ठेवतात. त्यांनी मूळ कारखाना पाहिलेला नाही.

१२ सप्टेंबर

संध्याकाळी केंद्राचे प्रमुख जेवायला आले. त्यांचं नाव आम्ही घरात मुदतराव ठेवलंय, कारण त्यांच्या प्रत्येक वाक्याच्या शेवटी एक तारीख असते. कप्तानबाईंनाही बोलावलं होतं.

मुदतरावांनी सूप पिता पिता बातमी दिली. माझा प्रकल्प या महिनाअखेर बंद. चार वर्षं तीन हात, तीन हात, तीन हात. यात वर पाठवण्यासारखं काय आहे? मी हातातला चमचा खाली ठेवला. मग या हंगामाचे आकडे सांगितले. सात हात! मुदतरावांचाही चमचा खाली. "म्हणजे त्यांची वागणूक बदलते आहे? हे अहवालात येऊ द्या. तीस तारखेच्या आत. यावर मी तीन वर्षांची मुदतवाढ मिळवून दाखवतो."

तीन वर्षं! परत गेले तर काय आहे, हे मला ठाऊक आहे. विभागातलं ते खिडकी नसलेलं टेबल, उत्तरपत्रिकांचे गठ्ठे, आणि 'मॅडम, तुम्ही खरंच समुद्रात जायचात?' असं विचारणारी पोरं. रुसलेल्या शेजारणींनो, तुमचं भलं होवो.

आनंदात मी नवऱ्याला म्हटलं, "सांग ना तुझी एप्रिलची गोष्ट." ही आमची पाहुण्यांसाठी राखीव गोष्ट आहे. एप्रिलच्या शेवटच्या बुडीत त्याच्या मुखवट्यात पाणी शिरू लागलं. त्याने वर जाण्याची खूण केली. माझ्या चार वामी मोजायच्या राहिल्या होत्या. मी त्याला 'तू हो पुढे' अशी खूण केली आणि पाच बोटं दाखवली: पाच मिनिटांत आलेच. दोघांनी उतरायचं आणि दोघांनी वर यायचं, हा नियम मला ठाऊक आहे. भिंतीवर तो मीच चिकटवलाय. पण चारच तर वामी होत्या. कप्तानबाई माझे बुडबुडे बघत राहिल्या आणि हे महाशय वर आले ते प्रवाहात सापडून किनाऱ्यावरच्या टेकडीआड गेले. चाळीस मिनिटांनी सापडले.

"चाळीस मिनिटं फुकट सागरी पर्यटन," तो नेहमीच्या थाटात सांगत होता. "एकच गाणं तीनदा म्हटलं. चौथ्यांदा म्हणायला गेलो तर कडवंच आठवेना. म्हटलं, आता काही खरं नाही."

मुदतराव खो खो हसले. मीही हसले, दरवेळी हसते. कप्तानबाई उठून ताटं गोळा करू लागल्या. त्यांना विनोद कमी कळतो.

१४ सप्टेंबर

आठ हात! शेजारणी दिवसेंदिवस घाबरट होत चालल्यात. अहवालाचं पहिलं पान लिहून काढलं. कारणं: पाणी यंदा अर्ध्या अंशाने गरम, बंदरात नव्या बोटींचा आवाज, एखादा नवा शत्रू-मासा. तिन्ही कारणं इतकी भारदस्त दिसतात की मलाच पटू लागलीत.

दुपारी त्याला वाचून दाखवलं. तो खिडकीत बसून सूक्ष्मदर्शकाखालची वाळू चाळत होता. बुडीनंतरची दुपार नेहमीच अर्धवट झोपेतली असते. कानात अजून पाणी हलत असतं, खोली किंचित डुलत असते, छतावर धक्क्याच्या पाण्याचा कवडसा फिरत असतो.

"असंही असेल," तो हळूच म्हणाला, "की कारण आपल्यातलंच असेल. म्हणजे, माझे बुडबुडे वगैरे..."

"तुझ्या घोरण्याने मी पंचवीस वर्षं बिळात गेले नाही, त्या कशाला जातील?"

तो हसला. जरा उशिराने हसला. आणि पुन्हा वाळूत डोकं घातलं.

१७ सप्टेंबर

नवऱ्याला सर्दी. सर्दीत कान मोकळे होत नाहीत, त्यामुळे बुडी बंद. माझी चिडचिड सुरू होण्याआधीच कप्तानबाई म्हणाल्या, "मी येते." त्यांनी तरुणपणी जहाजांच्या तळाची दुरुस्ती केलेली, परवाना अजून चालू. नवऱ्याने बोट सांभाळायची असं ठरलं.

काय बुडी होती! पाणी काचेसारखं. कप्तानबाई माझ्या मागे टेप धरून बसल्या त्या अशा की मागे कोणी आहे हेच मी विसरले. त्यांचा एक श्वास म्हणजे माझे दोन. मी सरकत गेले. सात हात, सहा, पाच. शेजारणी डोलतच होत्या. चार हातांवर मला एकीचे डोळे दिसले, मोठे, गोल, भाबडे. तीन हात! तेव्हा कुठे ती हळूच, पदर सावरल्यासारखी, आत गेली. तिच्या मागोमाग दुसरी. मग माझ्या चहूकडे सगळं कुरण एका लयीत खाली उतरलं आणि मी थांबले तसं पुन्हा उगवलं. चाळीस मिनिटं मी त्यांच्यात पडून होते. आपण कोणाच्या तरी स्वप्नात पाहुणे म्हणून आलो आहोत आणि यजमानांना त्याचा काही त्रास नाही, असं वाटत होतं.

वर आल्यावर मात्र डोक्यात किडा वळवळला. तीन हात? आज? अष्टमी जवळ आहे, प्रवाह मंद होता, काहीतरी असेल. एका दिवसाचा आकडा म्हणजे अपवाद. तळटीपेत टाकते.

नवरा बोटीवर गाणं म्हणत बसला होता. आम्ही येईपर्यंत तिघांचा पाव आणि उकडलेली अंडी एकट्याने फस्त केलेली. सर्दी झालेला माणूस इतका टवटवीत मी पहिल्यांदाच पाहिला.

२० सप्टेंबर

पुन्हा तो आणि मी. आठ हात. बाविसाव्या मिनिटाला त्याचे पन्नास. धुण्याचा हा त्याचा चौदावा दिवस. चार वर्षांचं उट्टं मी पंधरवड्यात काढलं. उन्हाच्या खुंटीवर माझा सूट पतंगासारखा फुगून वाळतोय.

रात्री झोपेत त्याचा हात पांघरुणावर काहीतरी घट्ट धरून होता. सकाळी विचारलं तर म्हणाला, "टेप असेल."

२२ सप्टेंबर

मुदतरावांचा अर्ज आला. अहवालाबरोबर प्रत्येक बुडीची नोंद जोडायची: तारीख, खोली, वेळ, कोणाच्या टाकीत किती हवा उरली. या नोंदी मी रोजच करते, पण वेगळ्या वहीत. वामींची वही निळी, हवेची वही लाल. आज दोन्ही वह्या मांडीवर घेऊन पहिल्यांदाच एका कागदावर उतरवू लागले.

एका रकान्यात शेजारणींचे हात. शेजारच्या रकान्यात नवऱ्याने मिनिटाला किती हवा खाल्ली.

सहा हात: त्या दिवशी त्याची हवा जरा जास्त टिकली. आठ हात: त्या दिवशी सर्वांत लवकर निम्मी. मध्ये सतरा तारीख: तीन हात, मागे कप्तानबाई, मिनिटाला निम्मी हवा. दोन्ही रकाने हातात हात घालून वर जात होते, हातात हात घालून खाली येत होते. मी चहा करून आले. परत पाहिलं. तसेच.

पाणी गरम नाही. बोटी नाहीत. शत्रू-मासा नाही. माझ्या मागे चार हातांवर गुडघे टेकून बसलेला एक माणूस मला न दिसता धापा टाकत होता, आणि त्याच्या बुडबुड्यांच्या फुटण्याने शेजारणी आत पळत होत्या. मी महिनाभर जे मोजलं ते त्यांचं भय नव्हतं.

काखेत कळसा आणि गावाला वळसा. तोही पाणबुड्याचा पोशाख घालून.

धक्क्यावर कप्तानबाई दोरी गुंडाळत होत्या. मी विचारलं, "माझा नवरा पाण्याला घाबरतो का?"

त्यांनी दोरीवरून नजर काढली नाही. "एप्रिलपासून. तुला माहीत नव्हतं?"

"कधी सांगितलं त्याने?"

"सांगितलं नाही. रोज विचारतो ना मला, इथेच असणार ना? तुझ्यासमोरच विचारतो." मग दिवसाचे उरलेले सगळे शब्द त्यांनी एकदम खर्च केले. "त्या दिवशी सापडला तेव्हा तो गात नव्हता. बोटीची कड धरली ती सोडवायला मला त्याची बोटं एकेक करून उघडावी लागली. तुला सांगू नका म्हणाला."

२३ सप्टेंबर, रविवार

काल तोंडून निघालं नाही, ते आज बोलले.

तो धक्क्याच्या पायऱ्यांवर पाय सोडून बसला होता. पाय पाण्याच्या वर, हातभर. मी शेजारी जाऊन बसले आणि कागद त्याच्या मांडीवर ठेवला. आमच्यात महत्त्वाचं बोलणं नेहमी तक्त्यांतून होतं. त्याने दोन्ही रकाने वाचले. वाळूवाला आहे, त्याला वेळ लागला नाही.

"मी म्हटलं होतं तुला, बुडबुडे," तो म्हणाला.

"म्हटलं होतंस. मी घोरण्याचा विनोद केला."

"बरा होता."

"का नाही बोललास, शहाण्या?"

त्याने कागदाची घडी घातली. खाली पाणी पायरीला लागत होतं, परत जात होतं. "बोललो असतो तर तू म्हणाली असतीस, बरं, बंद करू. लगेच म्हणाली असतीस. आणि मग त्या टेबलाशी बसून आयुष्यभर मला काहीही म्हणाली नसतीस. ते मला झेपलं नसतं. तू न बोलणं म्हणजे..." त्याने हात झटकला. "त्यापेक्षा बावीस मिनिटं. तेवढी निघतात गं. आकडे मोजत काढायची."

"आणि किटली?"

"हात थरथरतात सकाळी. घासताना कळत नाही."

मला हसूही आलं आणि नाही ते सगळंही आलं. पाच बोटं आठवली, माझी, पाण्याखाली, उघडलेली. पाच मिनिटांत आलेच. मी म्हटलं, "एप्रिलमध्ये मी तुला एकट्याला वर पाठवलं."

"चारच वामी राहिल्या होत्या."

"हो ना. चारच."

तो 'जाऊ दे' म्हणाला नाही, याबद्दल मी त्याची आभारी आहे. जाऊ देण्यासारखं ते नव्हतं.

थोड्या वेळाने म्हणाला, "अजून चार बुड्या आहेत. मी येतो. सावकाश श्वास घेईन, सराव करतोय."

"खबरदार. पायऱ्यांच्या खाली उतरलास तर आईंना फोन करीन."

"तू कर, मी सांगेन तू मला पाण्यात ढकललंस."

"त्यांना पटेलही," मी म्हटलं.

तेवढ्यात वरच्या खोलीत फोन वाजला. रविवार. आज तो पायऱ्या चढून धावत गेला. खिडकीतून त्याचं बोलणं ऐकू येत होतं. "आई, नाही जात आता पाण्यात. खरंच. नाही, खरंच खरंच."

२५ सप्टेंबर

मुदतरावांकडे गेले. कागद पुढे ठेवला. त्यांनी चष्मा लावून पाहिला, काढून पाहिला.

"हा सतरा तारखेचा आकडा," ते म्हणाले, "एकच दिवस आहे. एका दिवसावर काय ठरतं? तो नसता तर बाकी सगळं कसं स्वच्छ आहे."

खरंच स्वच्छ होतं. एक ओळ खोडायची, बस. तीन वर्षं. ते पांढरं कुरण, तो उन्हाचा कवडसा, पोटाखालची वाळू. आठ दिवसांपूर्वी मीच ती ओळ तळटीपेत ढकलली होती, आणि कोणी मला सांगितलंही नव्हतं. मी त्यांच्या टेबलावरच्या पेनाकडे बघत राहिले. चांगलं पेन होतं.

"तोच एक आकडा खरा आहे," मी म्हटलं. "बाकीचे सगळे माझ्या नवऱ्याचे आहेत."

"म्हणजे?"

"म्हणजे या हंगामात मी वामींवर नाही, माणसावर संशोधन केलं. चुकून. त्याला तुमच्याकडे अनुदान नसेल."

त्यांनी सुस्कारा सोडला. वाईट माणूस नाही. "पाणबुड्याच्या बुडबुड्यांचा परिणाम, असं काही लिहिता येईल. छोटंसं. पण ते तीन पानांचं टिपण होईल, तीन वर्षांचा प्रकल्प नाही होणार."

"तीन पानं कधीपर्यंत?"

"तीस तारखेपर्यंत," ते म्हणाले. सवय.

२८ सप्टेंबर

शेवटची बुडी. उतारावर पाच वर्षांपूर्वी ठोकलेल्या बारा लोखंडी खुणा उपटून आणायच्या होत्या. कप्तानबाई आणि मी. नवरा बोटीवर. उडी मारण्याआधी मी मागे वळून त्याला इथल्या भाषेत विचारलं, "तुम्ही इथेच असणार ना?" व्याकरण चुकलं असावं, कारण कप्तानबाईंनी भुवई उचलली. तो म्हणाला, "इथेच."

खुणा काढल्या तशी वाळूत बारा खड्डे राहिले आणि बघता बघता कडा ढासळून भरले. काम संपल्यावर आम्ही दोघी थोडा वेळ नुसत्या पडून होतो. शेजारणी एकेक करून उगवल्या. मी मोजल्या नाहीत. टेप बोटीतच ठेवला होता. कुरण डावीकडे कललं, उजवीकडे कललं. पुढच्या हंगामात तीन हातांवर कोणी येणार नाही, हे त्यांना कळणारही नाही, आणि कळावं तरी का. कप्तानबाईंनी दाबाचं घड्याळ दाखवलं. पाच मिनिटं अजून सहज राहता आलं असतं. मी अंगठा वर केला, आणि दोघी एकदमच वर निघालो.

शिडीशी नवऱ्याचा हात होता. पकड चांगली आहे त्याची.

दुपारी तो वर वाळूच्या डब्यांना चिठ्ठ्या लावत बसला असताना मी खाली गेले. त्याचा सूट वीस तारखेपासून मागच्या खुंटीवर, अंधारात होता. खाऱ्या दमट हवेने कोपरांवर पांढरा पडलेला. बादली भरली. माझा सूट आधी, मग त्याचा. आत-बाहेर उलटा केला, बाह्या पिळल्या. डाव्या मनगटाच्या आत बोटाला काहीतरी कडक लागलं. आतून शिवलेला कापडाचा एक लहानसा कप्पा. टाके वाकडेतिकडे, त्याचेच. कप्प्यात एक नारिंगी शिट्टी.

एप्रिलनंतर हा सूट मी एकदाही धुतला नव्हता. म्हणून ती मला दिसली नव्हती.

शिट्टीत वाळूचे कण अडकले होते. धुतली, झटकली, तरी आत काहीतरी खुळखुळत होतं. म्हणून तोंडात धरून हळूच फुंकली. हळूच म्हणजे माझ्या मते. सगळ्या धक्क्यावर घुमली.

वरची खिडकी धाडकन उघडली. "काय झालं? कुठे आहेस?"

"काही नाही," मी ओरडले. "इथेच आहे. खाली."

मग वरून, "अगं, सूट मी धुतो ना. करार आहे."

"आज माझी पाळी," मी म्हटलं.

शिट्टी पुसून कप्प्यात परत ठेवली. मग खिडकीजवळच्या खुंटीवरून माझा टॉवेल काढला आणि त्याचा सूट उन्हात टांगला.